गोंदाने चिकटवलेला किल्ला

अहो किल्लेदार,

चिमीला घेऊन आईकडे चालले आहे. ठोकळ्यांचा किल्ला आणलात तिच्या वाढदिवसाला, बांधलात तुम्हीच, आणि तिने मोडू नये म्हणून गोंदाने चिकटवूनही टाकलात! चाळिशी उलटली तरी अक्कल गुडघ्यातच. जेवण झाकून ठेवलंय. ताटं कपाटात आहेत, पण दार एका बिजागरीवर लोंबतंय, डोकं सांभाळा. ते बसवायला साहेबांना सवड कुठली!

पोर सकाळपासून ठोकळ्यांच्या रिकाम्या खोक्याशी खेळतेय. त्याचं घर केलंय तिने. कपड्यांचे दोन चिमटे म्हणजे ती आणि मी. "आणि बाबा?" विचारलं, तर म्हणाली, "ते किल्ल्यात. त्यांना हात नाही लावायचा."

खोकं आम्ही नेतोय. किल्ला तुम्हालाच लखलाभ.