दुखणं कुणाचं

३ जानेवारी
कुंडलला आले. सहा खाटांचा दवाखाना, मागे तोडणीला आलेला ऊस. मायासिस्टरांनी चहा दिला आणि सांगून टाकलं, इथं पोटदुखीचा पेशंट आधी ओवा खातो, मग देवाला जातो, मग आपल्याकडे. मी खूश आहे. साताऱ्यात सोनोग्राफीआधी कुणी डॉक्टरला पोटाला हात लावू देत नसे.

५ जानेवारी
साळूबाई आल्या, सोबत नवरा नाथाजी, फौजेतून रिटायर. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलेलं, अंगात ताप. मी गुडघे मुडपायला लावले, तळवे चोळून गरम केले. अपेंडिक्स सुजलं असेल तर डावीकडे दाबल्यावर उजवीकडे कळ येते. मी डावीकडे दाबलं. कळ आली. मला.
साळूबाई म्हणाल्या, "थांबलं बगा. लय गुणाचा हात हाय तुमचा."

६ जानेवारी
पलूसला दोघींची सोनोग्राफी केली. त्यांचं अपेंडिक्स सुजलेलं, माझं ठणठणीत. त्यांचं आजच सांगलीला ऑपरेशन करा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नाथाजींनी शांतपणे विचारलं, "दुखत न्हाई तर पोट फाडायचं कशाला, बाई?" त्यांचं दुखणं मला दुखतंय, असं मी सांगितलं. मायासिस्टरांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

७ जानेवारी
त्यांच्या घरी गेले. साळूबाई भाकरी थापत होत्या. काही होत नाही हे दाखवायला त्यांनी स्वतःच बोटं पोटात रुतवली आणि झटकन काढली. मी उंबऱ्यावरच बसले. त्यांनी पुन्हा दाबलं. मी हात जोडले. त्या हसल्या.

८ जानेवारी
सांगली. मला अ‍ॅडमिट केलंय. पोट मऊ, रक्ताचा रिपोर्ट चांगला. सर्जन प्रेमाने म्हणाले, उद्या घरी जाऊन विश्रांती घे. साळूबाई रानात गेल्यात. त्यांचं प्रत्येक पाऊल इथं — उजवीकडे —

९ जानेवारी
सकाळी दुखणं एकदम थांबलं. अपेंडिक्स फुटलं की असंच थोडा वेळ बरं वाटतं. नाथाजींना फोन केला, आत्ता घेऊन या म्हटलं. ते म्हणाले, ती चांगली हाय, बाजार करून बगू.

दुपार
सगळं पोट — फळीसारखं — श्वास घेववत नाही. डॉक्टर दाबतात, म्हणतात मऊ आहे. पुन्हा फोन लावला. नाथाजी सांगत होते, तिला जरा थंडी वाजतीय, पण दुखत न्हाई. बायका जमल्यात. प्रत्येकीला ती आपलं पोट दाबून बघायला लावतीय —
नको म्हणा — नाथाजी, त्यांना —