वॉल्टरसाहेबांच्या डब्यांना गज

मदिनत खलीफा, दोहा
शुक्रवार, जुम्म्यानंतर

आदरणीय खलीलमामूंना भाचा मुदस्सिरचा अदबीने सलाम.

आम्ही तिघं अल्लाच्या मेहरबानीने ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामी गोडाला हात लावू देतात की साखरेचा डबा अजून कुलपातच? (हजरा म्हणते, कुलूपच बरं.) पत्राचं कारण म्हणाल तर आभार मानणं, दुसरं काही नाही. खेडच्या दुकानात कान पिळून तुम्ही मला डाख लावून पितळ जोडायला शिकवलंत, त्या विद्येने मला या महिन्यात आधी बुडवलं आणि मग तारलं.

आमच्या कंपनीतले अमेरिकन वॉल्टरसाहेब तुम्हाला ऐकून ठाऊक आहेत. त्यांनी खटपट केली म्हणून हजरा आणि निदा इथे येऊ शकल्या. ते आता कायमचे मायदेशी निघाले. त्यांच्या गावाकडे एक लहानशी रेल्वे होती आणि वडील तिच्यावर गार्ड होते. ती रेल्वे केव्हाच बंद पडली, पण तिचे पन्नासच्या दशकातले प्रवासी डबे साहेबांनी पितळेत हुबेहूब करून घेतलेत, वीत-वीत लांबीचे. चार बसायचे आणि एक जेवणाचा (आत टेबलं, टेबलांवर मसुरीच्या डाळीएवढ्या बशा!). एसीचं पाणी गळून त्यांचा रंग उडाला, पायऱ्या निखळल्या, दांडे सुटले. साहेब म्हणाले, मुडी (माझं नाव त्यांना एवढंच झेपतं), तुटलंय तेवढं जोड, भावाला भेट द्यायचेत. या माणसासाठी काहीतरी करायची संधी मला पहिल्यांदाच मिळत होती. डबे घरी आणले.

मामू, बघतो तर एकाही खिडकीला गज नाही! पायऱ्या गळाल्या, दांडे गळाले, तर गजही गळालेच असणार, असा मी विचार केला. (बिनगजाची आगगाडीची खिडकी तुम्ही तरी कधी पाहिलीत? पोरं हात बाहेर काढतील, फलाटावरून कुणी पर्स ओढील.) बारीक तार कापून सगळ्या खिडक्यांना डाख लावून आडवे गज बसवून दिले. जेवणाच्या डब्यालाही सोडलं नाही. शिवाय दर डब्यात एक खिडकी संकटकाळासाठी मोकळी ठेवून तिला लाल चौकट काढली, इतका मी शहाणा! निदा बघून म्हणाली, "बाबा, इज धिस अ जेल?" मी तिच्यावर डाफरलो. (तिला काय कळणार, विमानाखेरीज कशात बसलीय कुठे?)

साहेब आले. एक डबा उचलून गजांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मुडी, माझे वडील तुरुंगाच्या गाडीवर गार्ड होते का?" माझ्या पायाखालची वाळू सरकली (इथे जमीन आहेच कुठे?). दोन दिवसांवर त्यांचं विमान आणि मी त्यांच्या वडिलांच्या गाडीचं हे करून ठेवलेलं. पोरांचे हात, पर्स, सगळं कसंबसं समजावलं आणि म्हटलं, यल्ला, आत्ता उपटून देतो. पण डाख तुमच्या हाताखाली शिकलेला! पक्कड वाकली, गज हलेना.

साहेबांनी पक्कड माझ्या हातातून काढून घेतली. "खलास," म्हणाले, "राहू दे. इतकी वर्षं लोक हे डबे बघून छान छान म्हणून गेले. आत पोरं बसतील, त्यांचे हात जपायला हवेत, हे फक्त तुला सुचलं. माझ्या वडिलांना हे आवडलं असतं." मामू, मला रडू आलं, तुमच्यापाशी लपवायचं काय? चार डबे त्यांनी गजांसकट नेले, जेवणाचा निदाला दिला. डाख जरा कच्चा असता तर हे शब्द माझ्या कानी पडलेच नसते. म्हणून तुमचे शुक्रन मानावेत तेवढे थोडे.

मामींना सलाम. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचा,
मुदस्सिर

ता. क. आभार खरेच आहेत, पण एक काम आहे. निदा त्या डब्याच्या खिडकीला डोळा लावून बसते आणि विचारते, गज धरून बाहेर बघताना कसं वाटतं? म्हटलं, बसूनच बघ. मे महिन्यात येतोय, इन्शाल्ला. पनवेल ते खेड तीन तिकिटं काढून ठेवा, साध्या स्लीपरची, निदाला खिडकी. एसीची नकोत, तिथे नुसत्या काचा.

ता. क. दुसरा. हजराला मी एसीच सांगितलंय. स्टेशनावर कळेल तेव्हा तुमच्याकडून चूक झाली म्हणा. तुम्ही वडीलधारे, तुमच्यावर ती ओरडणार नाही.

मामू, हजराचा सलाम. घरातली पाकिटं मीच चिकटवते, हे यांच्या लक्षात राहत नाही. स्लीपरच काढा. खिडक्या मात्र दोन हव्यात. लहानपणी भावांनी मला एकदाही बसू दिलं नाही.