बरणीतलं मूत्रपिंड

ताई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

मी बरा आहे, जेवतोही. काल प्रयोगशाळेत माझ्यासाठी वाढवलेलं मूत्रपिंड दाखवलं. शी! बरणीतल्या पिवळट पाण्यात, भिजून फुगलेल्या साबणासारखं लिबलिबीत. नळीतून पाणी सोडलं की थरथरतं. तिथली बाई लाडाने म्हणते, "आजोबा, तुमच्याच पेशींचं बाळ हे, हात लावा ना!" मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. शाळेतल्या कवितांत काळीज पानोपानी होतं. हे ध्यान सगळ्या कवींनी का टाळलं, ते आता कळलं.

तुझा गुडघा कसा आहे?

मी नाहीच म्हणणार होतो. पण सून म्हणाली, तू स्वतःचं मूत्रपिंड द्यायला निघालीस, तिकीटही काढलंस. मग आज डोळे मिटून सही केली. तिकीट रद्द कर. तुझं तुझ्यापाशीच राहू दे.

तुझा हट्टी धाकटा