मर्व्हच्या ट्रकमध्ये कोण बसतं

३ जानेवारी. सकाळी ८. बाहेर उणे एकतीस.

नव्या वर्षाचे संकल्प. रोज डायरी. रोज अर्धा तास गळ्याचा सराव. पर्शियन बंद. (त्या तळलेल्या गोड पावावरचा गुलाबी साखरेचा लेप पोटावर दिसायला लागलाय. थंडर बेमध्ये राहून पर्शियन सोडणं सोपं नाही, पण मनात आणलं तर मी काहीही करू शकतो.) आणि सर्वांत महत्त्वाचं : मर्व्हवर नजर ठेवणे.

कारण असं की फेब्रुवारीत आमच्या ‘वेट मिटन्स’ बँडला पंचवीस वर्षं होतात. कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे. रेडिओवरची एक बाई बँडचा इतिहास रेकॉर्ड करायला येणार आहे. पहिल्या दिवसापासून टिकलेले आम्ही दोघंच. मर्व्ह गिटारवर, मी कीबोर्डवर, शिवाय मागून सूर द्यायला मीच. बाकी नऊ जण आले आणि गेले. का गेले? आजवर कुणी विचारलं नाही. आता मी विचारणार.

४ जानेवारी

सराव केला. कुत्रं दारावर पंजे मारून बाहेर सोडा म्हणत होतं. उणे एकतीसमध्ये! त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. नोरीन म्हणाली, मीही येते, आपण तिघंही बाहेर जाऊ. बायकोला संगीतात गती नाही, हे लग्नाआधीच कळायला हवं होतं.

इतिहासाचं पहिलं वाक्य तयार : ‘गॅरेज मर्व्हच्या आईचं होतं, कल्पना लाइल कोस्कीची.’ म्हणजे माझी. बँडचं नावही माझ्यामुळेच पडलं. त्या पहिल्या संध्याकाळी माझे ओले हातमोजे हीटरवर वाळत घातलेले होते आणि गॅरेजभर त्यांचा वास सुटला होता. कलावंताच्या साध्या वस्तूतही नाव दडलेलं असतं. मर्व्ह हे कधी कबूल करणार नाही.

९ जानेवारी

इतिहास लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली.

आमचा पहिला गायक ड्वाइट. बँड सोडायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला मर्व्हच्या ट्रकमध्ये बसलेलं पाहिलं होतं. इंजिन चालू, काचांवर वाफ, दोघं तासभर आत. बास वाजवणारी पॉलेट. तीही ट्रकमध्ये. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. त्यानंतरचा ड्रमर, त्यानंतरचा तो उंच मुलगा, सगळे आधी ट्रकमध्ये आणि मग बँडबाहेर. एकही अपवाद नाही.

म्हणजे मर्व्ह माणसं फोडतो! एकेकाला ट्रकमध्ये बसवून काहीबाही कानात भरतो आणि हाकलतो. का, ते अजून कळलेलं नाही. पण पंचवीस वर्षं माणूस इतका साळसूद राहतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंयच.

एक पर्शियन खाल्ला. धक्का बसल्यावर साखर लागते.

१६ जानेवारी

नर्सेसच्या पार्टीत वाजवलं. माझं काम फार उंचीवर गेलं. आमचा साउंडवाला क्लेम याने माझ्यासाठी खास इअरफोन बसवून दिलाय, त्यात मला मी स्वच्छ ऐकू येतो. बँडमध्ये फक्त मलाच. क्लेम म्हणतो, तुझ्यासारख्याला स्वतःचं नीट ऐकू यायला हवं रे. दर्दी माणूस आहे.

मध्येच पाय अडकून कीबोर्डची वायर निघाली. दोन गाणी झाल्यावर लक्षात आलं. एकाही माणसाला फरक कळला नाही! याला म्हणतात तयारी. बाकीच्यांना मी इतकं पक्कं बसवून घेतलंय की माझ्यावाचूनही ते माझ्यासारखंच वाजवतात.

नंतर एक नर्स मुद्दाम येऊन म्हणाली, तुम्ही फार छान हलता हो.

१८ जानेवारी

पार्टीतला व्हिडिओ कुणीतरी पाठवला. त्यात कीबोर्ड ऐकू येत नाही. माझा सूरही नाही. फोनचे माइक हल्ली फारच स्वस्त बनवतात.

२४ जानेवारी

रेडिओवाल्या बाईने कार्यक्रमाची जाहिरात केली : ‘आपल्या गावचा चौघांचा लाडका बँड.’ आम्ही पाच आहोत. फोन करून विचारलं. म्हणाली, अय्या, तुम्हीही वाजवता का, मला वाटलं तुम्ही सामान सांभाळता.

हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं असेल? सांगायला नको.

३० जानेवारी. दुपारी ४.

आज डोळ्यांनी पाहिलं. सरावानंतर टॅरिन मर्व्हच्या ट्रकमध्ये बसली.

टॅरिन आमची आताची गायिका. ती आल्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रांची आमंत्रणं यायला लागलीत. ती गेली तर बँड संपला. या वयात आता आम्हाला नवं कोण मिळणार? आणि बँड संपला तर मी कोण? कार्पेट विकणारा लाइल.

बर्फाच्या ढिगामागे लपून कान दिले. तुकडेच ऐकू आले. ती म्हणाली, अजून किती दिवस. मग म्हणाली, त्याला कुणीतरी सांगायलाच हवं. मर्व्ह काय बोलला ते कळलं नाही, तो आधीच तोंडातल्या तोंडात बोलतो. शेवटी ती म्हणाली, मग बँडची पंचविशी झाली की मी मोकळी.

पायांची बोटं बधिर झाली. घरी नोरीनने विचारलं, कुठे होतास. म्हटलं, बर्फात. म्हणाली, ते दिसतंय.

२ फेब्रुवारी

क्लेमकडे गेलो. माझा एकुलता एक माणूस. त्याला ट्रकचं सगळं सांगितलं. त्याच्या हातातली कॉफी मांडीवर सांडली. चांगलाच हादरला बिचारा.

तेवढ्यात आवाज कमीजास्त करायच्या त्याच्या मिक्सरकडे लक्ष गेलं. चिकटपट्टीवर माझं नाव, आणि त्याखालची दोन्ही सरकती बटणं पार तळाला. विचारलं, हे काय? क्लेम जरा वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, तुझी उलटी चालतात. खाली म्हणजे जास्त. म्हणजे माझा आवाज पूर्ण सोडलेला आहे तर! हात हातात घेऊन आभार मानले. त्याचे डोळे भरून आले.

५ फेब्रुवारी

क्लेमला मर्व्हच्या ट्रकमधून उतरताना पाहिलं.

क्लेमसुद्धा!

आता सगळं जुळलं. डोळे कशाने भरून आले होते तेही कळलं. अपराधाने. पंचविशीच्या दिवशी हे सगळे मिळून माझा आवाज बंद करणार.

६ फेब्रुवारी

क्लेमला फोन केला. गोड आवाजात म्हटलं, पंचविशीला तू पाहुणा, खुर्चीत बसून ऐक. साउंडचं हॉल सांभाळणारी बाई बघेल. क्लेमने तीनदा विचारलं, मर्व्हला माहीत आहे ना? म्हटलं, हो तर. (सांगणार आहेच. नंतर.) क्लेम म्हणाला, लाइल, हे नको रे करूस, मी हात जोडतो.

आता कळलं, कुठे लागलं ते!

हॉलच्या बाईला वेगळं गाठून सांगितलं, कीबोर्ड आणि माझा माइक सगळ्यांच्या वर ठेवायचा, कुणी काही म्हटलं तरी खाली आणायचा नाही. तिने नीट लिहून घेतलं. शिस्तीची बाई.

२१ फेब्रुवारी

उद्या. आवाज लोण्यासारखा लागलाय. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हे गाव मला खऱ्या अर्थाने ऐकणार. पर्शियन दोन. तेही आनंदाने.

२३ फेब्रुवारी. सकाळी.

लिहिण्यासारखं काही नाही.

२३ फेब्रुवारी. दुपारी.

हॉलचे स्पीकर खराब होते.

२३ फेब्रुवारी. पुन्हा.

हॉलचे स्पीकर खराब नव्हते.

पहिल्या गाण्यात मी सूर दिला आणि टॅरिन गाता गाता गर्रकन मागे वळली. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं. मला वाटलं, भारावले. दुसऱ्या गाण्यात हॉलची बाई स्टेजच्या कडेला येऊन हळूच म्हणाली, तुम्हाला बरं नाहीये का, थांबवू का. मी खूण केली, आणखी वर घे. तिने घेतलं. तिसऱ्या गाण्याला लोक कोट शोधायला लागले. क्लेम खुर्चीत डोकं धरून बसला होता. एकटा मर्व्ह माझ्याकडे बघत वाजवत राहिला.

कार्यक्रमानंतर रेडिओवाली रेकॉर्डिंग तपासत होती. मीही हेडफोन लावला. मागे कुणीतरी दारात बोट सापडल्यासारखं ओरडत होतं. गाणं एकीकडे, तो दुसरीकडे. मी विचारलं, हा कोण?

ती म्हणाली, तुम्हीच की.

मी पुन्हा ऐकलं. मीच.

२५ फेब्रुवारी

मर्व्ह घरी आला. आत आला नाही. हॉर्न वाजवला. मी जाऊन ट्रकमध्ये बसलो. बसल्यावर वाटलं, चला, आपलीही पाळी आली.

मी म्हटलं, सांगून टाक, हाकलतोयस ना? मर्व्ह म्हणाला, गाढवा. मग बराच वेळ काच पुसत राहिला.

मग बोलला. या सीटवर बसून प्रत्येकाने एकच वाक्य सांगितलं होतं : बँडमध्ये एकतर लाइल राहील, नाहीतर मी. ड्वाइटने रागाने सांगितलं. पॉलेटने रडत. मग माझा आवाज हॉलमध्ये न सोडण्याची युक्ती क्लेमने काढली. तरी स्टेजवर त्यांना ऐकू यायचाच, म्हणून पुढचेही जात राहिले. टॅरिननेही गेल्या महिन्यात तेच सांगितलं. क्लेम बसला होता तो, मी बटणं पाहिली हे सांगायला.

विचारलं, मग तू काय म्हणायचास? म्हणाला, काय म्हणणार. म्हणायचो, जपून जा, रस्ता निसरडा आहे.

नऊही जणांना. म्हटलं, का रे पण? एवढी चांगली माणसं घालवलीस.

म्हणाला, त्या पहिल्या संध्याकाळी सहा जणांना बोलावलं होतं. वादळ होतं. एकटा तू आलास. चालत, कीबोर्ड मुलांच्या घसरगाडीवर बांधून, ओढत. तुझे हातमोजे पिळून मीच हीटरवर टाकले होते.

नावाचं त्याला माहीत होतं तर. आणि मी दोन महिने या माणसावर नजर ठेवून होतो. फार लाज वाटली. त्याने कागदाच्या पिशवीतून पर्शियन काढून अर्धा मला दिला.

१ मार्च. उणे चार. उन्हात बर्फ टपकतोय.

सराव. क्लेमला मीच बोलावून आणलं. टॅरिन दारापाशी कोट न काढता उभी होती, बँड सोडतेय हे सांगायला आली होती.

मी कीबोर्ड लावला. क्लेमला म्हटलं, इथून पुढे मला हॉलमध्ये सोडू नकोस. फक्त कानात दे, गाईन तेही ओठातल्या ओठात.

क्लेम म्हणाला, बरं, बघतो जमतं का. अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा.

टॅरिनने कोट काढला. मर्व्हने एक-दोन-तीन-चार मोजलं.

कानात मी झकास लागलो होतो.