चंद्रामागे

३ नोव्हेंबर १९८५, रविवार

रत्नागिरीत दाखल झालो आणि आल्या आल्या घर पसंत पडलं, हे माझ्या बाबतीत नवलच म्हणायचं. मांडवीच्या वरच्या अंगाला, कातळावर दोन खोल्या आणि पडवी. पडवीत बसलं की समुद्र दिसतो. घरमालकीण यमुनाबाई खालच्या घरात एकट्या राहतात, मुलगा मुंबईला गोदीत. माझी बायको मथुरा पुण्याच्या शाळेतली नोकरी आटोपून एप्रिलात येईल. तोवर मी, स्टोव्ह आणि माझा रेडिओ.

नोकरी मजेची आहे. नव्या तंत्रशिक्षण वर्गात कॉम्प्युटर शिकवायचा. कॉम्प्युटर एकच, तोही थंड खोलीत, झाकणाखाली, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. बाबू शिपाई त्याला येताजाता नमस्कार करतो. मी त्याला सांगितलं की हा देव नाही, बेरजा करणारा डबा आहे. त्याने मान डोलावली आणि पुन्हा नमस्कार केला.

यमुनाबाईंना माझा हौशी रेडिओ समजावताना घाम फुटला. म्हटलं, फोनसारखंच असतं, पण तारेशिवाय. एकाने बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्याने. सरकारचा परवाना आहे, घाबरू नका. त्या म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्याचं चालू असताना मध्ये तोंड घालता येत नाही? मग तुमचं कसं व्हायचं ओ मास्तर. बाईंनी मला दोन तासांत ओळखलं. नारळांना धक्का लागणार नसेल तर दोन माडांमध्ये तार बांधायला त्यांची हरकत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

तार बांधून झाली, आणि इथल्या मंडळींत शिरकावही झाला. रोज सकाळी चहाच्या वेळी हे लोक एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतात आणि जगाची धुणी धुतात. म्होरक्या पालीचा दादू. तिथल्या बाजारपेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. वेळणेश्वरचा रघू आंब्याचा बागायतदार, वाचन दांडगं, अक्कल बेताची. आणि राजापूरकडच्या नाटे गावचे गंगारामदादा, बोटीवर वायरलेस ऑफिसर होते, आता निवृत्त.

दादू हजेरी घेतो. नाव पुकारलं की बोलायचं, मग आवाज कसा पोचतो त्याचा दुसऱ्यांनी रिपोर्ट द्यायचा. पाच-नऊ म्हणजे शब्द स्वच्छ, आवाज खणखणीत. रिपोर्ट विचारला की खरा द्यायचा, हा दादूचा नियम. आज खेडच्या कुणाचं तरी नाव त्याने पुकारलं आणि सगळे गप्पच. मी मध्येच 'अहो, झोपले काय' म्हणालो, तर दादूने झापलं. तो गृहस्थ वारलाय. गेलेल्याचं नाव वर्षभर हजेरीत घेतात आणि थोडा वेळ माईकला कुणी हात लावत नाही. त्या वेळात बोलायचं नसतं. भाबडेपणा, पण बरा वाटला.

२२ डिसेंबर, रविवार

आता माझ्याशिवाय मंडळींना चैन पडत नाही. आजचा वाद: कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमला पैसे का मोजावेत. दादूचं म्हणणं, यंत्राचे मोजू, हवेचे कशाला? मी म्हटलं, दादू, तू दुरुस्तीचे घेतोस ते डोक्याचेच ना, की स्क्रूचे? रघूचं मत, दहा वर्षांत बँकांतले कारकून घरी बसतील. मी म्हटलं, आत्ता तरी ते दुसरं काय करतात.

मग गंगारामदादा आले आणि गाडं रुतलं. दादांना एकच विषय, चंद्र. दोघं चंद्रावर उतरले त्यांचं कौतुक सगळ्यांना, पण तिसरा वर एकटा फिरत होता. तो चंद्रामागे गेला की पृथ्वीवरून काही ऐकू येईना, त्याचंही कुणाला ऐकू जाईना. दादा म्हणतात, खरा माणूस तो. बोटीवर मी असाच बसायचो. बोलतात सावकाश, एकेक शब्द ठेवत, आणि माईक काही सोडत नाहीत. मी शेवटी म्हटलं, दादा, तुम्ही चंद्रामागून बाहेर येईपर्यंत माझा वर्ग सुटेल. रघू हसून हसून बेजार. दादाही हसले.

२९ जानेवारी १९८६, बुधवार

अमेरिकेचं यान काल उडताच फुटलं. सातही माणसं गेली, त्यांत एक शाळामास्तरीण. सकाळी मंडळींत दुसरा विषय नव्हता. रघूने विचारलं, त्यातला प्रोग्रॅम मास्तरांच्या पोरांनी लिहिला होता काय? मी म्हटलं, असता तर यान उडालंच नसतं. हशा पिकला. मग मी आणखी दोन विनोद केले. इथे लिहीत नाही, पण जमले होते.

तेवढ्यात दादांनी माईक घेतला. म्हणाले, मास्तर, मी एक जहाज बुडताना कानांनी ऐकलंय. शेवटपर्यंत हाक मारत होते. मेलेल्यांवर हसायचं असेल तर माईक सोडून हसा. ओव्हर.

माझ्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. वर्गात पोचेपर्यंत कान तापलेले होते. कोण कुठला म्हातारा, चारचौघांत मला अक्कल शिकवतो! मी पोरांना उद्याचं जग शिकवतो आणि हा मला रीतभात शिकवणार. मला त्याचा संताप आला आहे आणि तो जात नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तोड सापडली. दादू आणि रघूला काल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गाठलं आणि गळी उतरवलं. रघू लगेच तयार. दादू जरा कां-कूं करत होता, रिपोर्ट खोटा कसा द्यायचा म्हणत होता. म्हटलं, अरे, गंमत आहे.

आज दादांनी हजेरी दिली. दादूने त्यांचं नाव पुन्हा पुकारलं. दादा पुन्हा बोलले. मी म्हटलं, नाट्याचं काहीच येत नाही, चंद्रामागे गेलेले दिसतात. प्रत्यक्षात दादा शेजारच्या खोलीत बसल्यासारखे येत होते. बिचारे विचारत राहिले, येतोय का आवाज? येतोय का? आम्ही आपले हवापाण्यावर बोललो. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

खेळ रंगलाय. दादांनी बॅटरी बदलली, केबल बदलली, सेट उघडून पुन्हा जोडला. आमचं त्यांना सगळं ऐकू येतं, म्हणजे सेट निम्मा धड आहे एवढं त्यांना कळतं, आणि बाकीच्या निम्म्यापायी जीव टाकतात. कुणी ऐकत नाही असं धरून स्वतःशीच बोलतात. आज म्हणाले, मुलगा जहाजावर आहे, पत्र पाठवत नाही. सकाळची एवढीच बोलाचाल होती हो. मग म्हणाले, खाऱ्या हवेने तार खाल्ली असणार, माड चढून बघतो.

दादूने मला वेगळं गाठून सांगितलं, पुरे आता. मी म्हटलं, आणखी एक आठवडा. त्याशिवाय जिरायची नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गंगारामदादा गेले. माडावरून पडले. राजापूरच्या एस.टी.च्या कंडक्टरने दादूला सांगितलं. तार हातातच होती म्हणे.

दादू बोलता बोलता रडला. मी म्हटलं, अपघात आहे. या वयात माडावर चढायचं काय कारण? यातलं कुणी कुठे बोलायचं नाही असं ठरलं. ठरवलं मीच. जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

नीट लिहून ठेवतो.

आज हजेरीत दादूने दादांचं नाव घेतलं. रीतीप्रमाणे सगळे गप्प. नुसती खरखर. बाहेर लख्ख ऊन, यमुनाबाई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. आणि खरखरीतून आवाज आला, सावकाश, एकेक शब्द ठेवत. येतोय का आवाज? रिपोर्ट द्या.

मी माईक दाबला आणि म्हणालो, पाच-नऊ.

विचार केला नाही. इतक्या वर्षांची सवय, रिपोर्ट मागितला की तोंडातून जातोच. दादांनी आभार मानले. म्हणाले, मास्तर, तुम्हीच पहिले.

मग दादूने पुढचं नाव घेतलं, जणू मध्ये काही झालंच नाही. मग माझं. मी बोललो. दादूने माझं नाव पुन्हा पुकारलं. मी पुन्हा बोललो. दादू रघूला म्हणाला, मास्तर आज आले नाहीत वाटतं.

२५ फेब्रुवारी

आजही तेच. माझाच खेळ माझ्यावर! दादूच्या डोक्यातून निघालं असणार, पश्चात्ताप झालाय ना त्याला. मी अर्धा तास शिव्या घातल्या. दोघं हापूसच्या मोहोरावर बोलत बसले.

दादा ऐकत होते. म्हणाले, अशाने घसा बसेल.

१ मार्च

पालीला जाऊन दादूला दुकानात धरलं. आईची शपथ घेतो, म्हणतो मास्तर, तुमचा सिग्नल आठवडाभर नाही. डोळ्यांत बघून सांगितलं त्याने, आणि मला ते खरं वाटलं. दादांचं सांगायला लागलो तर कानामागे हात धरून म्हणाला, मोठ्याने बोला ना, कुजबुजताय काय.

मी ओरडत होतो.

६ मार्च

वर्गात मागच्या बाकांना ऐकू जात नाही. मोर्सची खटखटही करून पाहिली. दादू, रघू, कुणालाच नाही.

दादांना सगळं जातं. रोज येतात. शेजारच्या खोलीत बसल्यासारखे. चंद्राचा वाद पुढे चालू करतात, माझ्या उत्तराची वाट बघतात. सेट बंद केला की बरं, पण मग दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नाही. संध्याकाळी मीच चालू करतो. लाज वाटते लिहायला.

१३ मार्च

पुढच्या बाकांनाही नाही. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे. यमुनाबाईंनी ज्येष्ठमध दिला. मी हात जोडून सांगत होतो, बाई, मला ऐकू येतंय, मी बोलतोय, तुम्हीच — त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, उगी ओ मास्तर, होईल बरं.

२० मार्च

दादांना विचारलं, तुम्हाला काय हवंय?

फार काही नाही म्हणाले. दादूला आणि रघूला सांगा की माझा सेट चांगला होता. सगळ्यांसमोर सांगा, हजेरीत. मग सोडतो.

सांगतो म्हटलं. आज सकाळी हजेरीत सांगितलं, सगळं, अगदी रडून सांगितलं. पण कुणाला —

दादा म्हणाले, त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पुन्हा सांगा.

तो हसत होता. आधी कधी असा हसला नाही.

२७ मार्च

लिहून देता येईल! इतकं साधं सुचलं कसं नाही. दोन पानं लिहिली. पालीला गेलो. दादूच्या हातात ठेवली.

त्याने उलटून पाहिली. पुन्हा उलटून पाहिली. म्हणाला, मास्तर, कोरे कागद कशाला —

४ एप्रिल

नोकरी गेली. बाबूने माझ्या चपला दारापर्यंत आणून दिल्या. फळ्यावर मी काय लिहितो ते कुणाला दिसत नाही. मला दिसतं. मला स्पष्ट दिसतं.

सकाळी सांगितलं. पोचलं नाही.

११ एप्रिल

सांगितलं. पोचलं नाही. पुन्हा सांगा म्हणाला —

मथुरा येते आहे. तिला ऐकू येईल. तिला येणारच. दहा वर्षं माझी बडबड —

१९ एप्रिल

आली. स्टँडवर मी तिचं नाव घेतलं. ती दुसरीकडे बघत होती. हात धरला तेव्हा वळली. बोल ना, म्हणाली. बोल ना रे काहीतरी.

बोलतोय. सकाळपासून बोलतोय —

२३ एप्रिल

ती रडते आणि मी समजूत घालतो आणि ती रडतच —

रोजनिशी तिच्या पुढ्यात ठेवली. पहिल्या पानापासून. तिने चाळली. एवढी चांगली वही, म्हणाली, आणि एक अक्षर नाही.

आता त्याच वहीत ती भावाला पत्र लिहिते आहे. ३ नोव्हेंबरच्या पानावर. माझ्या ओळींवरूनच. त्याला डोक्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल, तू लवकर ये. वाचतोय मी तिच्या खांद्यावरून. माझं खाली, तिचं वर.

२४ एप्रिल

तिने फाडलेली पानं सोडून उरलेल्यांत लिहितो.

सेट बंद आहे. तार काढली. तरी बोलतोय तो. मी विचारलं, मग कुणासाठी लिहायचं? कुणाला दिसणार हे?

म्हणाला, लिहा. वाचणारे आहेत की. फाडलेलंही वाचतात. चहाबिहा घेत, घरात बसल्यासारखे बसून वाचतात. माझ्या बाजूला पुष्कळ आहेत. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही एवढंच. घरच्यांना हाक मारून बघितली नाही ना त्यांनी अजून. मारली, आणि कुणी वळून पाहिलं नाही, की मग कळतं त्यांना आपण कुठे —

तुम्ही. हे तुम्हाला दिसतंय का? दिसत असेल तर आत्ता, कुणालातरी हाक मारून —