भोकरीतला फ्लॅट

१२ जानेवारी २०२५, रविवार

झालं! आज पुन्हा ऐकवलं. सुरुवात कालवणात मीठ जास्त पडलं यावरून आणि शेवट नेहमीचाच — "माझ्या बापाच्या घरात हे चालायचं नाही." चौतीस वर्षं ऐकतेय. गासमधलं हे घर प्लासिडच्या बापाचं, विहीर प्लासिडच्या बापाची, मागची केळीची वाडी प्लासिडच्या बापाची. नवरा तेवढा माझा, तोही मीठ मोजणारा!

ठरवलं. शाळेतल्या बत्तीस वर्षांच्या कारकुनीचे सव्वीस लाख बँकेत नुसते लोळतायत. फ्लॅट घेणार. माझ्या एकटीच्या नावावर. दारावर पाटी — थेरेसा. बस्स, एवढंच. भाडेकरू ठेवीन, पण दार माझं.

१३ जानेवारी

प्लासिडला सांगितलं. "घर असताना घर कशाला?"

"भाडं येईल."

"मग तुझ्या एकटीच्या नावावर का?"

म्हटलं, बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. हा माणूस बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घालवतो. एक टक्का ऐकून पेन शोधायला गेला! नंतर कागदावर हिशेब करताना दिसला. मी हसू दाबून भांडी घासली.

१५ जानेवारी

पॉलिनला फोन केला. ही प्लासिडची धाकटी बहीण, पण त्याच्यापेक्षा माझीच जास्त. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. नालासोपाऱ्यात भाड्याने राहते. अकरा महिन्यांचा करार संपला की बोचकी उचलायची, दुसरं घर बघायचं. आजवर आठ घरं झाली.

"वैनी, फ्लॅटमधलं काय ते मला विचार," म्हणाली. "बिल्डर दाखवील ते बघू नको. पानी किती वाजता येतं आणि बाथरूमच्या वरती कोणाचं बाथरूम आहे, ते बघ."

शनिवारी येतेय बरोबर.

१८ जानेवारी, शनिवार

काय मजा आली आज! सातिवली रोडला नवी बिल्डिंग होतेय, काम जवळजवळ संपलंय, ताबा पुढच्या महिन्यात म्हणतात. विक्री कार्यालयात अनुष्का नावाची मुलगी. गोड बोलते, पण श्वास घ्यायला थांबत नाही. "मॅडम, फक्त दोनच उरलेत." मी विचारलं, "कुठले?" तिने सहा दाखवले.

सजवलेला नमुना फ्लॅट बघितला. बेडरूम केवढी ऐसपैस! पॉलिनने चपला काढल्या आणि सरळ पलंगावर आडवी झाली. पोटऱ्यांपासून पाय बाहेर! पलंगच पाच फुटांचा करून घेतलाय मेल्यांनी, खोली मोठी दिसावी म्हणून. मग मी पर्समधली शिंप्याची टेप काढली. अनुष्काचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मॅडम, हा सॅम्पल फ्लॅट आहे."

पॉलिन पडल्या पडल्या म्हणाली, "मग झोपायला पण सॅम्पल मानूस आनायचा का?"

सांगतात पाचशे पंच्याऐंशी चौरस फूट. आतली वापरायची जागा, म्हणजे कार्पेट, भरते तीनशे नव्वद. बाकीचं काय? जिना, लिफ्ट आणि बिल्डरची कल्पनाशक्ती. चौथ्या मजल्यावरचा ४०२ आवडला मात्र. अडतीस लाख. सकाळचं ऊन येतं. पॉलिन खिडकीत बराच वेळ उभी होती. "छान आहे गं," म्हणाली.

२१ जानेवारी

बँकेत गेले. साहेब तरुण.

"मॅडम, वय?"

"अठ्ठावन्न."

"सहकर्जदार?"

"नवरा."

"त्यांचं वय?"

"सदुसष्ट."

साहेब पाणी प्यायला! मग म्हणाला, पेन्शन आहे म्हणून पंधरा लाखांपर्यंत देऊ, पण सत्तरीच्या आत फेडायचे. हप्ता सतरा हजारांच्या आसपास. भाडं येईल नऊ हजार. म्हणजे वरचे आठ पेन्शनमधून. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी धरून खर्च जातो एक्केचाळीस लाखांवर. सव्वीस आणि पंधरा एक्केचाळीस. शिल्लक शून्य.

घरी येताना वाटेत तीनदा बेरीज केली. फसले तर म्हातारपणी पुन्हा "माझ्या बापाच्या घरात." म्हणून ठरवलं, एक अक्षर न वाचता सही करायची नाही. मी तेलाच्या पिशवीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारी बाई आहे!

२५ जानेवारी

कराराचा मसुदा आणला. सेहेचाळीस पानं. लाल पेन घेऊन बसले. अहाहा! मी हप्ता उशिरा भरला तर अठरा टक्के व्याज. त्यांनी ताबा उशिरा दिला तर "विकासकाच्या नियंत्रणाबाहेरील कोणतेही कारण" असं म्हणून मोकळे. खोडलं. दोघांना एकच व्याजदर, असं वर लिहिलं. वीस टक्के आधी भरा म्हणतात. खोडलं. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांवर घेता येत नाही, कायदा आहे. बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन जप्त! वा रे वा! बँक नाही म्हणणार आणि दंड मी भरणार? खोडलं. "कर्ज नामंजूर झाल्यास टोकन पूर्ण परत."

अनुष्काकडे नेऊन दिलं. लाल लाल पानं बघून बिचारी म्हणाली, "मॅडम, आजवर इथे कोणी वाचलंच नाही." मी म्हटलं, "आणि परिशिष्टं कुठायत? जमिनीचे कागद?"

"ते टोकननंतर."

"मग टोकनही परिशिष्टांनंतर."

२६ जानेवारी

प्लासिड म्हणतो, "किती वाचशील? परीक्षा आहे का?" हो. आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

परिशिष्टं मिळाली. अनुष्काने हळूच हातात दिली, "फक्त तुम्हालाच हं."

सातबारा उघडला. खालच्या ओळीत, "शेताचे स्थानिक नाव — भोकरी."

भोकरी!

दोनदा वाचलं. भोकरी म्हणजे आमच्या पप्पांचं भातशेत. माझं माहेर पलीकडच्या आळीतलं, पण हे शेत रेल्वेच्या पूर्वेला, लांब. दहा वर्षांची असताना शेवटची गेले होते, लावणीला. आता तिथे भराव, रस्ते, गोडाऊनं. मी त्या जमिनीवर उभी राहून टेप लावली आणि ओळखली नाही! माझा धाकटा भाऊ एडवर्ड परवापरवापर्यंत म्हणायचा, "खारी जमीन आहे बाय, पडीक आहे, कोण विचारतंय."

पुढचं पान. पप्पा गेल्यावरचा फेरफार. वारस — एडवर्ड. एकटाच. मी? मला वाटलं टायपिंगची चूक. त्याच्या पुढचं पान बघितलं. हक्कसोडपत्र, सन २०११. "मी माझा संपूर्ण हिस्सा कोणताही मोबदला न घेता माझ्या भावाच्या लाभात राजीखुशीने सोडत आहे." खाली अंगठा. सही. फोटो.

फोटोत मी. काळी साडी. आणि हसतेय!

आठवलं. पप्पांच्या वर्षाचा मिस्सा चर्चमध्ये झाला, त्याच आठवड्यात एडवर्ड रिक्षा घेऊन आला. "बाय, पप्पांचं नाव काढून आपल्या दोघांची नावं चढवायचीत." गेले. कॅमेऱ्यासमोर बसवलं, तो काहीतरी विनोद बोलला, मी हसले. सही केली. येताना त्याने फालुदा पाजला. तेलाची पिशवी वाचणारी मी! भावाने पुढे केलेला कागद वाचायचा तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार केला.

अडतीस लाख देऊन माझ्याच बापाच्या शेतातला तुकडा विकत घ्यायला निघाले होते. कर्ज काढून!

२९ जानेवारी

रडले. मग राग आला. मग परत रडले. प्लासिडला सगळं वाचून दाखवलं. तो खाली बघत म्हणाला, "जाऊ दे. बहिणी सही करतातच. रीत आहे आपल्याकडची."

"रीत? चोरी आहे ही!" एवढी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. प्लासिड उठून वाडीत गेला. केळींना पाणी घालायचं म्हणे. सकाळीच घातलं होतं.

पॉलिनला फोन केला. ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. "सोडू नको वैनी! एक इंच सोडू नको!"

२ फेब्रुवारी, रविवार

एडवर्डला जेवायला बोलावलं. डुकराचं मटण, तांदळाच्या भाकऱ्या. पोटभर वाढलं. हात धुऊन आला तेव्हा करार पुढे ठेवला. "फ्लॅट घेतेय रे. भाऊ म्हणून एकदा वाचून दाखव. मला मेलं बारीक दिसत नाही हल्ली."

खुशीत सुरुवात केली. "वा बाय, वा!" पाचव्या पानावर बिल्डिंगचं नाव आलं, आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "मोठ्याने." परिशिष्टापर्यंत आला. सातबारा. "शेताचे स्थानिक नाव..." पुढचा शब्द सोडून पान उलटायला गेला. पॉलिन दारात उभी होती, म्हणाली, "पानी देऊ का रे एडवर्ड?" मी म्हटलं, "आधी वाच. माझा फोटो किती छान आलाय तेही बघ."

कपाळावर घाम. मटणाचा नक्कीच नव्हता.

शेवटी बोलला. "बाय, शपथ घेऊन सांगतो. कागद एजंटने केले. मलापण वारसनोंद असंच सांगितलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू. मग बिल्डर दारात आला..."

बिल्डरने रोख दिलेच, वर दोन फ्लॅट दिलेत. रोख तर घर बांधण्यात आणि पोरीच्या लग्नात संपलेही. फ्लॅट आहेत.

"एक माझा," मी म्हटलं. "बायकोला विचारतो" म्हणाला. "विचार. नाहीतर मी तुझ्या बायकोसमोर हाच कागद वाचते, मग वकिलासमोर, मग कोर्टात. मला वाचायला आवडतं, तुला माहीतच आहे."

जाताना उंबऱ्यावर थांबला. रडला. लहानपणी पडायचा तेव्हा रडायचा तसाच. मीही डोळे पुसले. पण फ्लॅट सोडला नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

नोंदणी झाली! फ्लॅट ४०१. एडवर्डने बक्षीसपत्र करून दिलं, मुद्रांक त्याच्याच खिशातून. अठरा पानं मी नोंदणी कार्यालयात उभी राहून वाचली. मागे रांग कुरकुरतेय, बाबू म्हणतोय, "मावशी, घरी वाचा." म्हटलं, "घरी वाचायची सवय महागात पडते." "बक्षीस" या शब्दाचा राग येतो. हक्काचं होतं. पण असू दे. नाव माझं लागलं. सव्वीस लाख जागच्या जागी. कर्जाचा अर्ज परत घेतला तर बँकेतल्या साहेबाने चहा पाजला, इतका सुटला बिचारा.

अनुष्काला पेढे दिले. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे क्लास लावू का?"

२२ फेब्रुवारी

चावी मिळाली. पॉलिनने दिवसभर ४०१ पुसून काढला. पाटी लावली — थेरेसा. दोघी जमिनीवर बसून वडापाव खाल्ला. मग ती चाचरत म्हणाली, "वैनी, भाडेकरू बघतेस ना? मला देशील? पन अकरा महिन्यांनी काढू नको."

मला एवढं भरून आलं! म्हटलं, "वेडी आहेस का? तुझ्याकडून नऊ नाही, आठच घेईन." तिने माझा हात धरून ठेवला. आठ घरं बदललेली बाई. मला वाटलं, मी किती मोठ्या मनाची आहे!

१ मार्च, शनिवार

पॉलिन घरी आलीय. सामान बांधताना जुनी फाईल सापडली म्हणून घेऊन आली. "वैनी, बाबा गेले तेव्हाचा कागद आहे हा. दादाने सही करायला नेलं होतं. मी वाचलाच नाही कधी. आता तूच वाच."

हक्कसोडपत्र. सन २००६. गासचं घर, विहीर, केळीची वाडी. "कोणताही मोबदला न घेता." खाली पॉलिनचा अंगठा आणि सही. त्याखाली — साक्षीदार क्रमांक एक, थेरेसा. अक्षर माझंच.

प्लासिड वाडीत निघून गेलाय. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत आलेय. ती बाहेर बसून दोनदा विचारून झालीय, "काय लिहिलंय गं त्यात?"