ताईची साक्ष

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. धाकटा पास झाला. भाओजींचा खोकला कसा आहे?

फोनवर तू विचारलंस, "इतकी तुटक का बोलतेस?" तोंडानं सांगवेना, म्हणून लिहिते.

चर्चच्या न्यायालयाचा निकाल आला. आमचं लग्न मुळात झालंच नव्हतं म्हणे. त्याला चर्चमध्ये दुसरं लग्न करायचंय, म्हणून अर्ज त्याचा. निकालाआधी मला कागद वाचायला बोलावलं होतं, हे तुला बोलले नव्हते. लोखंडी कपाटं, एक टेबल, समोर फादर. म्हणाले, "वाचा, पण उतरवून घ्यायचं नाही. पेन पर्समध्येच राहू दे."

उतरवायची गरजच पडली नाही. तुझी साक्ष पाठ झाली. 'लग्नाच्या सकाळी बहीण माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, मला हा नको, पप्पांच्या धाकानं उभी राहतेय.'

बोलले होते मी. तुझ्या कानात बोलले होते.

"तुझ्या भल्यासाठीच केलं, सुटलीस एकदाची," असं म्हणशील. आणि सगळं गुप्त राहतं, असंही तुला सांगितलं असेल. राहतं की! जगापासून राहतं. नोंदवहीत आमच्या लग्नासमोर एवढंच लिहिलंय, 'विवाह रद्दबातल'. कारण लिहीत नाहीत, मग लोक आपापलं कारण जोडतात. शेजारीण म्हणाली, "हिनंच काहीतरी लपवलं असणार." मी काय दाखवू तिला? झाकली मूठ तुझी, बोभाटा माझा.

मी फादरांना विचारलं, "आणि पोरं?"

"ती औरसच, काळजी करू नका. आणखी काही सांगायचंय?"

मी नाही म्हटलं.

ताई, लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला टायफॉईड झाला होता. तो रजा काढून उशाशी बसला. पुढे माझे केस मुठीमुठीनं गळले, तेव्हा आरसा त्यानंच काढून ठेवला. तेव्हापासून मला तो हवा होता. हे तुला कधी सांगितलं नाही. त्यालाही नाही. त्यामुळे ते कुठल्याच फाइलीत नाही.

तुझ्या लेकीचं लग्न ठरल्याचं आईकडून कळलं. मी येईन. त्या सकाळी तिच्यापाशी मी बसेन. तू खोलीत येऊ नकोस.

बहिणींचं नातं रद्द करून देणारं न्यायालय नाही, म्हणून अजून तुझीच,

बेबी